सुंठ-मधाचा चमचा

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर विचारतात, "कुठली कुठली औषधं चालू आहेत?" या प्रश्नाला पूर्ण खरं उत्तर देणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. मी स्वतः तर दिलंच नव्हतं. आणि मी काही साधीसुधी खोटारडी नाही, एकवीस वर्षं शाळेत मुलांचं खोटं पकडण्याचा पगार घेतलेली बाई आहे.

ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. परळची खोली विकून आम्ही भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये राहायला येऊन तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बिल्डर म्हणाला होता, लिफ्टची जागा सोडलीय. जागा त्याने खरंच सोडली होती, तिथे सगळ्यांच्या सायकली उभ्या असायच्या. घर घेताना माझे गुडघे शाबूत होते, त्यामुळे "चौथा मजला म्हणजे वारा कसा छान" हे वाक्य माझंच. पुढे बोटं सुजायला लागली, मग मनगटं, आणि शेवटी संधिवात उजव्या गुडघ्यात येऊन बसला तो उठायचं नावच घेईना. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला. गुडघ्यातली गादी संपली होती, हाडावर हाड घासत होतं. बदलून टाकू म्हणाले.

मला धावायचं नव्हतं, देवळं फिरायची नव्हती. मला फक्त स्वतःच्या पायांनी चार जिने उतरून नाक्यावर मासळी घ्यायला जायचं होतं. हसू नका. आमच्या नाक्यावर उत्तनच्या दोन-तीन बायका टोपल्या घेऊन बसायच्या, आणि भाईंदरला राहायला येण्याचं मला पटलेलं तेवढं एकच कारण होतं. गुडघा गेला आणि मासळी आणायचं काम आमच्या ह्यांच्याकडे गेलं. आमचे हे म्हणजे माझा नवरा. सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर चौतीस वर्षं बसलेला माणूस. कुणी काही सांगितलं की ते पाळायचं, एवढंच त्यांना येतं. कोळीण म्हणाली, "ताजा हाय, दादा," की हे मान डोलावणार. डोळे आत गेलेले बांगडे घरी यायचे. मी म्हणायचे, "अहो, कल्ले उघडून बघितले का?" तर म्हणायचे, "ती ताजे आहेत म्हणाली ना!"

वर्षभर मी फक्त डॉक्टरकडे जाण्यापुरती खाली उतरले, तीही प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून. सोसायटीतले चार जण खुर्ची उचलायचे, बाकीचे जिन्यात उभे राहून सूचना करायचे. एकदा परत येताना तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कलली. मी ओरडले, "अरे, नीट धरा की! आता एकदाच काय ते न्या मला खाली. त्यालाही चौघेच लागतात, सराव झालेलाच आहे तुमचा." सगळे खो-खो हसले. एकाला तर हसता हसता खुर्ची टेकवावी लागली. हे मागून एक्स-रेची पिशवी घेऊन येत होते, ते हसले नाहीत. पण माझ्या विनोदाला हे लग्नाच्या दिवसापासून हसलेले नाहीत, त्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आता औषधांचं सांगते. माझ्या गोळ्या मिसळणाच्या डब्यात असायच्या. हळद-मोहरी-जिऱ्याच्या सात वाट्या आणि आठवड्याचे सात वार, इतका सरळ हिशेब कुणाला सुचला नव्हता, मला सुचला. मधली वाटी गुरुवारची. आठवड्यातून एकदाच घ्यायची एक पिवळी गोळी होती. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतेल, असं सांध्यांच्या डॉक्टरांनी तीन-तीनदा बजावलं होतं. गुरुवारी माझा उपास, म्हणून गोळी गुरुवारी. साबुदाण्याची खिचडी समोर आली की गोळी आठवायची. ह्यांनी त्यावर आणखी एक तक्ता बनवून फ्रिजवर चिकटवला. निळ्या शाईत रोजच्या, लाल शाईत गुरुवारची, आणि प्रत्येक गोळी घेतली की पुढे ह्यांची सही. गोळी मी घ्यायची आणि सही ह्यांची!

त्या खुर्चीच्या प्रकारानंतर थोड्याच दिवसांत हे एक सकाळी म्हणाले, "आजपासून सुंठ आणि मध घेत जा. वाताला बरं असतं."

जन्मात कधी स्वतःचा चहा करून न घेतलेला माणूस ओट्यापाशी पाठ करून उभा राहिला, काहीतरी खललं, आणि चमचा घेऊन माझ्या पलंगापाशी आला. चव कडवट होती. मी म्हटलं, "सुंठ जुनी दिसतेय." हे म्हणाले, "औषध आहे, श्रीखंड नाही." मी चमचा चाटून पुसून दिला. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. सदतीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला पहिल्यांदा काहीतरी भरवलं होतं.

आणि चमत्कार झाला हो! पंधरा दिवसांत बोटांची सूज उतरली. मी स्वतःची वेणी स्वतः घालायला लागले. भूक अशी लागायची की दोन चपात्यांच्या चार झाल्या. गाल वर आले. गुडघ्याचं हाड काही परत येणार नव्हतं, उभं राहिलं की तो कळवळायचाच, पण बाकी अंग हलकं झालं. समोरच्या फ्लॅटमध्ये एक गुजराती बेन राहायची. ती जाळीच्या दारातून म्हणाली, "अरे वाह, बेन, आप तो एकदम गोलमटोल हो गयी! चेहरा कैसा चमकता है!" रक्तातली साखर जरा वर दिसली, तेव्हा सांध्यांचे डॉक्टर म्हणाले, गोड कमी करा. मी म्हटलं, चमचाभर मध तेवढा असतो.

मी पडले बोलकी. सुंठ-मधाची कीर्ती मी सगळ्या बिल्डिंगभर केली. सहा घरांत सुंठ सुरू झाली. कुणाला काडीचाही गुण आला नाही. मी म्हटलं, "तुमची श्रद्धा कमी पडते."

असे दहा महिने गेले आणि ऑपरेशनची तारीख ठरली. लगेच औषधांवरून डॉक्टर-डॉक्टरांत जुंपली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, गुरुवारची गोळी दोन आठवडे बंद ठेवा, जखम भरायला त्रास नको. सांध्यांचे डॉक्टर म्हणाले, मुळीच नाही, बंद केली तर सगळे सांधे उठतील आणि ही बाई व्यायाम कशी करणार? आमचे हे दोघांच्या मध्ये फाइल घेऊन आठवडाभर फिरत होते. शेवटी दोघांकडून एकाच कागदावर लिहून आणलं की गोळी चालू ठेवायची. तो कागद मिळाल्याचा आनंद ह्यांना रिटायर होतानाच्या शाल-श्रीफळापेक्षा जास्त झाला.

दुखण्याची गोळी मात्र आठ दिवस आधी बंद, कारण तिने रक्त लवकर थांबत नाही. "आणि घरगुती, देशी, जडीबुटी काही असेल तर ते सांगा, आणि तेही बंद," हाडांचे डॉक्टर म्हणाले. ह्यांनी तक्ता वाचून दाखवला. शेवटची ओळ होती: सुंठ व मध, सकाळी एक चमचा. डॉक्टर हसले. "सुंठीने काही होत नाही. पण ठेवा तीही आठ दिवस बंद." ह्यांनी तिथल्या तिथे लाल शाईने फुली मारली.

आणि मग ते आठ दिवस सुरू झाले.

दुखणं मला नवीन नव्हतं. पण हे काहीतरी भलतंच होतं. तिसऱ्या दिवशी सगळे सांधे एकदम पेटले, ते एक समजू शकते. पण अंगातला जोरच गेला. उठून बसलं की गरगरायचं. अन्न समोर आलं की मळमळायचं. चार चपात्या खाणारी मी, पेजेला नको म्हणायला लागले. मी समजले, दुखण्याची गोळी बंद झाल्याचा हा परिणाम. ह्यांच्यामागे लागले, "एक द्या, अर्धी द्या." हे म्हणाले, "डॉक्टरांनी लिहून दिलंय." गोळ्यांची पट्टी कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली लेंग्याच्या नाडीला. सांगा आता, या वयात नवऱ्याच्या नाडीला हात घालायचा तो किल्लीसाठी!

मग मी माझी अक्कल वापरली. समोरच्या बेनलाही गुडघ्याचं दुखणं होतं, आणि तिची गोळी तीच, फक्त कंपनी वेगळी. हे दूध आणायला खाली गेले की मी पलंगावरूनच हाक मारायची, "बेन, दो खाखरा देना!" ती काय समजायचं ते समजली. खाखऱ्याच्या पुड्यात, दोन खाखऱ्यांच्या मध्ये, गोळी यायची. मी ती सांडग्यांच्या डब्यात लपवायची. सांडग्यांचा डबा ह्यांनी कधी उघडलेला नाही. आठ दिवसांत अशा चार गोळ्या मी गिळल्या. लाज वाटली का? थोडी. पण गोळी गिळल्यावर वाटली, आधी नाही.

जायच्या दिवशी अख्खा जिना निरोपाला उभा होता. बेनने हातावर दही-साखर घातली. चौघांनी खुर्ची उचलली. मला इतकं गरगरत होतं की मी एकही विनोद केला नाही, तर लोक घाबरले. "काकूंना टेन्शन आलंय," कुणीतरी म्हणालं.

हॉस्पिटलमध्ये संध्याकाळी भूल देणारी डॉक्टर आली. माझी विद्यार्थिनी शोभावी एवढी पोर. दंडाला पट्टा बांधून तिने रक्तदाब मोजला. परत मोजला. मग माझे गाल बघितले, हातावरचे निळे डाग बघितले. ते कुठे काही लागलं की पटकन उठायचे, मी वयाचे समजत होते. मग स्टूल ओढून बसली.

"काकू, रक्तदाब खूपच कमी लागतोय. औषधांची यादी मी वाचलीय. यादीत नसलेलं काही घेतलंय का?"

"नाही," मी म्हटलं.

ती काहीच बोलली नाही. नुसती बघत राहिली. आणि मी मनातल्या मनात म्हटलं, मेले! कारण ही माझीच पद्धत. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. रागवायचं नाही, परत विचारायचं नाही. अर्ध्या मिनिटात पोरगं दप्तरातून चोरलेली पेन्सिल काढून देतं. मी वीस सेकंदही टिकले नाही.

"चार गोळ्या घेतल्या," मी म्हटलं. "दुखण्याच्या. समोरच्या बाईकडून. कालपासून नाही घेतली."

ती काही बोलायच्या आत आमचे हे उसळले. इतकी वर्षं मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "चोरून? माझ्यापासून लपवून औषध घेतलंस? आठ दिवस मी राखण करतोय आणि तू... अगं, हा काय पोरखेळ वाटला तुला? दुसऱ्याने दिलेल्या गोळीत काय असतं काय माहीत! डॉक्टरांना न सांगता, माणसाच्या पोटात असं काहीतरी घालायचं म्हणजे जीव जाईल, कळतं का..."

आणि ते थांबले. वाक्याच्या मध्येच. तोंड उघडं, बोट माझ्याकडे रोखलेलं, आणि चेहरा पांढराफटक. मला वाटलं, ह्यांनाच काहीतरी होतंय. हे हळूच पलंगाच्या काठावर बसले.

"डॉक्टर," ते म्हणाले, "ती सुंठ नुसती सुंठ नव्हती."

"म्हणजे?" मी आणि ती पोरगी एकदमच म्हणालो.

मग निघालं सगळं. नाक्यावरच्या माझ्या त्या लाडक्या कोळणीनेच ह्यांना सांगितलं होतं की, वरसाव्याला पुलाच्या अलीकडे एक म्हातारा बसतो, वाताची पुडी देतो, तिची सासू उठून चालायला लागली. आमचे हे दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून गेले. म्हाताऱ्याने तपकिरी पुडी दिली आणि बजावलं, जिच्यासाठी नेताय तिला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो. ह्यांना काय, सांगितलेलं पाळायचं! दहा महिने, दर महिन्याला घोडबंदर रोडने वरसाव्याला जाऊन, परत येऊन, सुंठीत पुडी मिसळून, वर मध घालून माझ्या तोंडात. आणि डॉक्टरांनी सुंठ बंद सांगितली तेव्हा प्रामाणिकपणे पुडीही बंद. एका दिवसात. लाल शाईने.

पोरीने कपाळाला हात लावला नाही, तेवढं तिचं मोठेपण. ती शांतपणे म्हणाली, "काका, अशा पुड्यांमध्ये बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. किती ते त्या देणाऱ्यालाही माहीत नसतं. इतके महिने बाहेरून मिळाल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. मग एकदम बंद केलं की काकूंसारखं होतं. आणि उद्या हे न कळता मी भूल दिली असती, तर टेबलावर रक्तदाब कोसळला असता. तो नेहमीच्या औषधांनी वर आला नसता."

तिने लगेच नर्सला बोलावून मला सलाइन आणि इंजेक्शन सुरू केलं. सकाळच्या रक्ततपासणीत तेच निघालं. ऑपरेशन रद्द. साखर चढलेली, अंगात स्वतःचा जोर नाही, अशा बाईचा गुडघा कुणी उघडत नाही म्हणाले.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली होती म्हणून सांगू! दोघेच उरल्यावर मी म्हटलं, "दहा महिने? दहा महिने मला फसवलंत? मी शेजारणींना सुंठ वाटत सुटले, माझं हसं करून घेतलं! मला विचारायचं तरी होतं. माझं तोंड, माझं पोट, माझा जीव!"

हे माझ्याकडे बघत नव्हते. पिशवीच्या बंदाशी खेळत म्हणाले, "तू त्या दिवशी जिन्यात म्हणालीस ना. एकदाच न्या खाली म्हणून. चौघेच लागतात म्हणून."

"अहो, तो विनोद होता!"

"मला नाही कळत तुझे विनोद," हे म्हणाले. "मला वाटलं, तू ठरवलंस."

राग गेला असं नाही हं. राग होताच, पण आता त्याला कुठे बसवावं तेच मला कळेना. मी भिंतीकडे तोंड करून झोपले.

तीन दिवसांनी माझी वरात परत आली. तीच खुर्ची, तेच चौघे, तेच जिन्यातले लोक. "काय झालं? काय झालं?" हे मागे मान खाली घालून उभे. मी म्हटलं, "साखर वाढली होती, पुढे ढकललं." ते खोटं नव्हतं. बाकीचं कुणाला सांगायची गरज नव्हती. फक्त बेन रडवेली होऊन जाळीच्या दारात आली, "मेरी गोली से हुआ क्या, बेन?" मी तिला दोन दिवस तसंच ठेवलं आणि मग सांगितलं की नाही. तेवढी करमणूक माझी मला हवी होती.

ह्यांच्याशी मी बोलत नव्हते. बोलायचं ते भिंतीशी. "घरात कुणी असेल तर पाणी आणावं." "कुणाला वेळ असेल तर पंखा कमी करावा." हे पाणी आणायचे, पंखा कमी करायचे. सांध्यांच्या डॉक्टरांनी आता मोजून-मापून स्टिरॉइडची गोळी दिली होती, दर पंधरवड्याला थोडी थोडी कमी करत न्यायची. तक्त्यावर तिसरा रंग आला, हिरवा. जसजशी हिरवी गोळी कमी होत गेली, तसतसं दुखणं परत आलं. गाल उतरले, चेहरा परत माझा झाला. एकदा तर वेणी घालता येईना म्हणून मी चिडून भिंतीला विचारलं, "कुणाकडे ती पुडी उरलीय का थोडी?" हे असे घाबरले, की पुडीची भुकटी मोरीत ओतून रिकामी केलेली बाटली घेऊन आले दाखवायला. मला हसू आलं, पण मी ते उशीत दडवलं.

आणि रोज सकाळी हे दोन चमचे घेऊन यायचे. ह्यांनी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं, नुसती सुंठ चालेल, मध मात्र थेंबभरच. सुंठ अख्खी आणलेली, माझ्या डोळ्यांसमोर पलंगापाशी बसून कुटलेली. एक चमचा आधी स्वतः चाटायचे, मला दाखवून, आणि मग दुसरा माझ्यापुढे धरायचे. मी तोंड फिरवायची. मग दुसराही तेच खायचे. महिने उलटले, तरी हे असंच चाललं. ह्यांना पित्त झालं, आंबट ढेकरा यायला लागल्या, तरी सोडेनात. मी घेत नव्हते आणि थांबवतही नव्हते. असते मी अशी.

चार महिन्यांनी ऑपरेशन झालं. तीच भूल देणारी पोरगी होती. तिने सलाइनमधून स्टिरॉइड घातलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काकू, आज काही लपवलंय?" मी म्हटलं, "आज नाही, बाई. आज नवऱ्याचीही झडती घेतलीय." त्यानंतरचं मला आठवत नाही.

पुढचे दिवस वॉकरचे, व्यायामाचे आणि शिव्यांचे. शिव्या मी व्यायाम घेणाऱ्याला द्यायची, तो मल्याळी होता, त्याला कळायच्या नाहीत. गुरुवारची गोळी गुरुवारी चालूच होती. घरातून घरात, मग दारापर्यंत, मग एक जिना खाली आणि वर. असं करत करत एक रविवार आला, तेव्हा मी जाहीर केलं की आज मी खाली जाणार. मासळी घ्यायला.

त्या सकाळी हे नेहमीसारखे दोन चमचे घेऊन आले. स्वतःचा तोंडाकडे नेणार, इतक्यात मी म्हटलं, "थांबा." आणि त्यांनी चाखायच्या आधी माझा चमचा उचलून तोंडात घातला. डोळे मिटून. तिखट, साधी सुंठ. हे तसेच चमचा हातात घेऊन उभे. "तुम्ही आता बंद करा," मी म्हटलं, "पित्त होतंय तुम्हाला." पाच महिन्यांनी मी त्यांच्याशी थेट बोललेलं हे पहिलं लांब वाक्य असावं. हे वळून ओट्याकडे गेले आणि बराच वेळ तोच चमचा धूत राहिले.

मग आम्ही निघालो. कठडा धरून, आधी ऑपरेशनचा पाय, मग दुसरा. बेन जाळीच्या दारातून टाळ्या वाजवत होती. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मी जरा थांबले. खुर्ची उचलणाऱ्या चौघांपैकी एक वर येत होता. मला बघून त्याला केवढा आनंद! "अरे काकू, चालत? मग आता आम्हाला बोलवणार की नाही कधी?"

उत्तर माझ्या जिभेवर आलंच होतं. तेच जुनं, चौघांचं. तोही हसायच्या तयारीत उभा होता. दोन पायऱ्या खाली आमचे हे पिशवी घेऊन उभे होते, आणि माझ्या तोंडाकडे बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "मला अजून पुष्कळ वर्षं रोज खाली जायचंय."

आमचे हे हसले. विनोद नव्हता, तरी हसले. मी खालची पायरी धरली आणि म्हटलं, "चला. आणि तिने ताजा हाय म्हटलं, तरी कल्ले मी बघणार."